यरीहोचा झरा आणि आमच्या विहिरी

(शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय २, वचने १९ ते २२)

यरीहो नगराचे लोक अलीशा संदेष्ट्याकडे गेले, तो प्रसंग आमच्या वाचकांस ठाऊक आहे. नगर सुंदर ठिकाणी वसलेले, परंतु पाणी वाईट, आणि पाण्यापायी जमीनही नापीक झालेली. अलीशाने एक नवे पात्र मागविले, त्यात मीठ घालविले, व ते घेऊन तो जेथून पाणी निघत होते तेथपर्यंत चालत गेला. तेथे त्याने ते टाकिले आणि परमेश्वराने ते पाणी निरोगी केले. ह्या चार वचनांवर आमच्या मंडळ्यांत पुष्कळ उपदेश झाले आहेत, व त्यांत पाण्याला बहुधा मनुष्याच्या अंतःकरणाची उपमा दिली जाते. ती उपमा योग्यच आहे. परंतु आज आम्ही उपमा बाजूस ठेवणार आहोत. आज पाणी म्हणजे पाणी आणि माती म्हणजे मातीच. सोनारी व तिच्या भोवतीची परांडा तालुक्यातील खेडी डोळ्यांसमोर ठेवून, आमच्या विहिरींत काय उतरते, ते शोधावे कसे व काढावे कसे, हाच आमचा विषय आहे.

प्रथम हे पाहा की यरीहोचे लोक आपण होऊन बोलले. आमचे पाणी वाईट आहे असे म्हणावयास त्यांस लाज वाटली नाही. खेड्यात असे बोलणे किती जड जाते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. गावाची विहीर वाईट म्हटले की गावाचे नाव वाईट झाले. मग सोयरीक जुळविणारा माघारी फिरतो, यात्रेस येणारा माणूस पाण्याची बाटली बाहेरून आणतो, आणि ज्याने तोंड उघडले तोच गावाचा वैरी ठरतो. शिवाय यरीहोच्या लोकांस एक सोय होती जी आम्हांस नाही. त्यांचे पाणी उघडउघड वाईट होते. आमचे पाणी पुष्कळदा गोड लागते.

धाराशिव जिल्ह्याचा जवळजवळ सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली फुटका खडक, आणि त्याखाली अभंग कातळ. वाळूच्या प्रदेशात पाणी गाळले जात जात हळूहळू खाली जाते. येथे ते खडकाच्या भेगांतून वाहते, आणि भेगेला गाळणे ठाऊक नाही. म्हणून असे होते की उकिरड्याजवळची विहीर कधी चांगली निघते आणि दोन शेते पलीकडची विहीर बिघडलेली निघते, कारण भेग तिकडे गेलेली असते. विहिरीच्या आडात जे उतरते त्यांत आमच्या भागी विशेष आहे ते नायट्रेट. शेणखताचा ढीग, गोठ्याची मुतारी, संडासाचा शोषखड्डा, गटाराची साचलेली डबकी, आणि पिकाने न उचललेला युरिया, ह्या सर्वांतून ते उत्पन्न होते व पावसाच्या पाण्याबरोबर खाली जाते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरास ४५ मिलिग्रॅमच्या वर असू नये असे भारतीय मानक आहे, आणि त्याहून अधिकास सवलत ठेविलेली नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालाप्रमाणे महाराष्ट्रात तपासलेल्या नमुन्यांपैकी शंभरांत सुमारे पस्तीस नमुने ह्या मर्यादेच्या वर गेले. म्हणजे तीन विहिरींत एक. आमच्या वाचकांनी आपापल्या गावच्या विहिरी बोटांवर मोजून पाहाव्यात.

ह्याचा धोका मोठ्यांपेक्षा तान्ह्या बाळांस अधिक आहे. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा प्रांताच्या एका डॉक्टराने शेतावरील विहिरींच्या पाण्यात दूध कालवून पाजलेली बाळे निळसर पडल्याचे प्रसिद्ध केले. नायट्रेटामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते, आणि सहा महिन्यांच्या आतील बाळास ते सोसत नाही. आईचे दूध पिणारे बाळ ह्यापासून बहुतांशी सुरक्षित असते; वरच्या दुधाचे बाळ सुरक्षित नसते.

आणि येथे एक गोष्ट आम्हांस मोठ्याने सांगितली पाहिजे. मिशनच्या दवाखान्यांतून व बायबलबायांच्या तोंडून आमच्या आज्यापणज्यांनी ऐकले की पाणी उकळून प्यावे. तो उपदेश खरा होता, आणि पटकी, हगवण व कावीळ ह्यांच्या बाबतीत आजही खराच आहे. परंतु नायट्रेट उकळल्याने जात नाही. पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते, म्हणून उलट दाट होते. तुरटी फिरविल्याने ते जात नाही, आणि ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकून जातो तिनेही जात नाही. जंतूंचे औषध जंतूंवर चालते. ज्या आईने बाळाचे पाणी मायेने दोनदा उकळले तिने आपल्या हाताने विष दाट केले असे होऊ शकते, आणि तिला कोणी सांगितलेलेच नसते. हे वाचून कोणी उकळणे सोडू नये. तपासणे सुरू करावे. (तसेच अलीशाचे वाचून कोणी विहिरीत मिठाचे पोते रिकामे करू नये. हे आम्ही थट्टेने लिहीत नाही.)

अलीशा उगमापाशी गेला, हे ह्या शास्त्रपाठाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. घागरीघागरीत मीठ टाकीत तो नगरातून फिरला नाही. उगमापाशी जाण्याचे काम एका तरुण पाळकाने कसे केले त्याची हकीकत आम्ही येथे थोडी विस्ताराने देतो.

१८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडन शहराच्या सोहो भागात पटकीची साथ उद्भवली आणि थोड्याच आठवड्यांत सहाशेंहून अधिक माणसे मेली. डॉक्टर जॉन स्नो ह्यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाच्या विहिरीकडे बोट दाखविले, आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. इतके पुष्कळांस ठाऊक असते. त्याच वस्तीतील सेंट ल्यूक मंडळीचे साहाय्यक पाळक हेन्री व्हाइटहेड ह्यांचे नाव मात्र थोडेच जण घेतात. व्हाइटहेड तिशीच्या आतले होते, आणि डॉक्टर स्नो ह्यांचे म्हणणे त्यांस मुळीच पटले नव्हते. त्या पंपाचे पाणी चांगले म्हणून प्रसिद्ध होते. तेव्हा हे म्हणणे खोटे ठरवावे ह्या हेतूने ते चौकशीस लागले. घरे त्यांच्या ओळखीची होती. मेलेल्यांस त्यांनी अखेरच्या घटकेस भेट दिली होती. एकेका घरी ते चारचार वेळा गेले. कोण मेले, कोण वाचले, कोणी कोणते पाणी किती प्यायले, हे लिहून घेत गेले. आणि लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानी आले की कागद आपल्या मताच्या विरुद्ध बोलत आहे. त्यांनी कागदाचे ऐकले.

पुढे १८५५ च्या वसंतात मृत्यूंची नोंद चाळीत असता त्यांस पंपाला अगदी लागून असलेल्या घरातील एका तान्ह्या मुलीची नोंद सापडली. ती साथीच्या थोडे आधी आजारी पडली होती. तिच्या आईने लंगोट धुतलेले पाणी घराच्या पुढील मैलखड्ड्यात टाकिले होते. तो खड्डा उकरून पाहिला तेव्हा त्याच्या विटा ढिल्या झालेल्या निघाल्या, भोवतीची माती मैल्याने भिजलेली निघाली, आणि खड्डा व विहीर ह्यांच्यामध्ये तीन फूटही अंतर नव्हते. त्या मातेने दुष्टपणाने काही केले नव्हते. त्या काळी घरोघरी जे होत असे तेच तिने केले, आणि तिचे लेकरूही त्या साथीत गेले.

मंडळीच्या पाळकांनी व वडीलवर्गाने ह्या हकीकतीत पुष्कळ पाहावे. ज्याला प्रत्येक घराची दारे उघडी आहेत त्याच्या हाती शोधाचे अर्धे साहित्य आधीच आहे. सरकारी मनुष्य बाटली भरून नेईल. परंतु जुना संडास कोठे होता, पूर्वी चामडी कोठे कमवीत, गोठा केव्हा हलविला, बुजविलेल्या आडावर आज कोणाचे घर उभे आहे, हे म्हाताऱ्यांच्या आठवणीत असते, आणि म्हातारे ज्याच्यावर विश्वास ठेवितात त्यालाच सांगतात.

हे लंडनचे झाले. आमच्या मराठवाड्याने असा शोध आपल्या अंगावर पाहिला आहे. नारू! ज्यांनी तो पाहिला ते म्हातारे अजून आहेत. पायातून वीतभर बाहेर आलेला दोरा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढणारी माणसे त्यांस आठवतात. पायऱ्यांच्या बारवेत रोगी उतरे, पाण्यात पाय बुडताच किडा आपली अंडपिल्ली सोडी, ती पाण्यातील बारीक जलपिसवा गिळीत, आणि ते पाणी जो पिई त्याच्या अंगातून वर्षभराने नवा नारू निघे. ह्यावर लस निघाली नाही, औषधही निघाले नाही. १९८३ च्या सुमारास देशभर मोहीम सुरू झाली. गावोगाव रोगी शोधले, त्यांस पाण्यात उतरू दिले नाही, बारवांच्या पायऱ्या बंद करून वरून शेंदण्याची सोय केली, पाणी दुहेरी फडक्यातून गाळावयास शिकविले. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा देश नारूमुक्त म्हणून मान्य केला. निव्वळ शोधाने व वाट अडविण्याने एक रोग देशातून गेला.

परंतु शोध सोडून दिला म्हणजे मनुष्य काय करतो हेही आमच्याच प्रांताने पाहिले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉक्टर आंबेडकर ह्यांनी हजारो अस्पृश्य बंधुभगिनींसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. जनावरे त्या तळ्यावर पाणी पीत, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. माणसे प्यायली तेव्हा तळे बाटले असे ठरले, आणि शेणमूत्र, दूध, दही ह्यांनी युक्त १०८ घागरींनी त्याची शुद्धी करण्यात आली. पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. आम्ही त्या शुद्धीकडे आजच्या विषयाच्या दृष्टीने पाहतो. पाणी न तपासता मनुष्याचे कूळ तपासले, आणि निर्मळ करावयाच्या नावाने पाण्यात शेण व मूत्र घातले! प्रयोगशाळेतील मनुष्यास विचारा, तो सांगेल की पाण्यात काय असू नये ह्या यादीत ह्या दोन वस्तू पहिल्या आहेत. ख्रिस्ताने शोमरोनी स्त्रीजवळ तिच्याच भांड्यातील पाणी मागितले, ह्यावरून आमच्या मंडळीने ह्या बाबतीत काय शिकावयाचे ते आम्ही पुन्हा सांगत नाही. इतकेच म्हणतो की विहीर बाटते हा विचार अजून मेलेला नाही, आणि तो जिवंत आहे तोवर विहीर दूषित होते ह्या गोष्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही. कारण गावचे सांडपाणी उतार धरून ज्या वस्तीकडे जाते त्या वस्तीला गाव आधीच अस्वच्छ म्हणून मोकळे झालेले असते.

आता आमच्याकडे शोध कसा करावा. त्याची साधने आहेत, आणि ती दूर नाहीत. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमलेला असतो. नमुने घेणे व पाठविणे हे त्याचे काम आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ते तपासले जातात. जलजीवन योजनेखाली गावातील पाच स्त्रियांस तपासणीची पेटी वापरावयास शिकवावे अशी व्यवस्था आहे; त्या पाच कोण, व पेटी कोणाच्या फडताळात पडून आहे, हे मंडळीतील स्त्रियांनी विचारावे. पाण्याच्या उद्‌भवांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे आमच्या वाचकांपैकी किती जणांस सांगता येईल? आणि घरी नळ आला म्हणजे विहिरीशी संबंध संपला असे कोणी समजू नये. नळाचे पाणीही कोठल्या तरी विहिरीतून किंवा बोअरमधून चढविलेले असते.

एका विहिरीचा एक नमुना म्हणजे शोध नव्हे. उन्हाळ्यात एक व पावसाळा सरल्यावर एक, असे दोनदा पाहिले पाहिजे, कारण पहिल्या मोठ्या पावसाबरोबर वर्षभराची घाण खाली उतरते. बिघडलेल्या विहिरीच्या वरच्या व खालच्या अंगाच्या विहिरीही पाहिल्या पाहिजेत. दोरीला दगड बांधून चारपाच विहिरींतील पाण्याची खोली एकाच दिवशी मोजावी. जमिनीच्या उंचसखलपणाचा हिशेब धरिला की जमिनीखालचे पाणी कोणीकडून कोणीकडे उतरते ह्याचा अंदाज त्यातून येतो. मग त्या वाटेवर काय आहे ते पाहावे. शास्त्रज्ञ मोठ्या ठिकाणी हेच करितात. फक्त ते माती छिद्र पाडून हातहातभर खोलीवरून काढितात, म्हणजे विष कोठवर उतरले ते कळते.

सापडल्यावर निर्मळ कसे करावे? आधी वाट बंद करावी. उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगास असेल तर हलवावा, व खालची काळी झालेली माती खणून शेतात पसरावी; शेतात ती सोने आहे. शोषखड्डा विहिरीपासून निदान दहापंधरा मीटर दूर असावा असे सांगतात, परंतु आमच्या भेगाळ खडकात तेवढ्याने निर्धास्त होऊ नये. विहिरीला कठडा, भोवती पक्का ओटा, सांडपाण्यास पन्हळ. मग गाळ काढणे व उपसा. नायट्रेटचे पाणी पिण्यास वाईट असले तरी पिकास ते खतच आहे. म्हणून अशी विहीर शेताकडे उपसावी आणि तेवढा युरिया कमी टाकावा. युरियाचे पोते स्वस्त मिळते म्हणून रिकामे करण्याची जी सवय आमच्या शेतकरी बांधवांस लागली आहे ती पिकाच्या उपयोगी नाही. पिकाला लागते तेवढेच ते घेते, बाकीचे आमच्या घागरीत येते. ही शेतकीखात्याची गोष्ट उपासनेत कशाला, असे कोणी म्हणेल. शेजाऱ्याच्या बाळाच्या दुधात जे उतरते ते उपासनेबाहेरचे आहे असे आम्हांस वाटत नाही.

आणि हे काम लवकर होत नाही. जमिनीत गेलेले विष बाहेर काढणे हे ते आत जाऊ न देण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. राजस्थानात उदयपुराजवळच्या बिछडी गावी १९८० नंतरच्या दशकात एका रासायनिक कारखान्याचा विषारी गाळ उघड्यावर पडला. तो जमिनीत मुरला आणि विहिरींचे पाणी तांबूसकाळे झाले. माणूस, जनावर, पीक, कोणाच्याच कामाचे ते राहिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल दिला की ज्याने बिघडविले त्यानेच निर्मळ करण्याचा खर्च सोसावा. तो खर्च ३७ कोटी रुपयांहून अधिक ठरला, आणि २०११ सालीही तो वसूल करण्यासाठी त्याच न्यायालयास पुन्हा आज्ञा करावी लागली. २०२५ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने रासायनिक द्रव्यांनी दूषित झालेल्या स्थळांविषयी नियम जाहीर केले. संशयित स्थळे स्थानिक संस्थेने वा जिल्हा प्रशासनाने कळवावीत, त्यांचा टप्प्याटप्प्याने तपास व्हावा, आणि खर्च दोषी असेल त्याजकडून घ्यावा, असे त्यांत आहे. ही चांगली गोष्ट आहे. परंतु कळविणारा कोणी तरी लागतो, आणि आमच्या उकिरड्यांसाठी कोणतेही न्यायालय येणार नाही.

एक गोष्ट राहिली, आणि तपासणीच्या आधीच ती आमच्या मंडळ्यांनी ठरवावी अशी आमची विनंती आहे. नमुना वाईट निघाला, विहिरीवर लाल खूण झाली, तर त्या विहिरीवरच्या बाया दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन कोणाच्या दारी जातील? खेड्यात पुष्कळ जण तपासणी टाळितात ते अज्ञानाने नव्हे. त्यांस पक्के ठाऊक असते की आपली विहीर बंद झाली तर शेजारच्या आळीचा नळ आपल्यासाठी मोकळा होणार नाही, आणि वाईट पाणी हे पाणी नसण्यापेक्षा बरे. त्यांची ही भीती काल्पनिक नाही. म्हणून वडीलवर्गाने पुढील सभेत हा प्रश्न आधी घ्यावा. ज्यांच्या घरी चांगल्या उद्‌भवाचा नळ आहे त्यांनी आपली नावे द्यावीत. ज्या घरी तान्हे बाळ वरच्या दुधावर आहे त्या घरास त्यांनी रोज दोन घागरी द्याव्यात, मग ते घर मंडळीचे असो वा नसो, कोणत्याही आळीचे असो. ती यादी तयार झाल्यावर मग जलसुरक्षकाकडे जावे. बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यावी, औषधाची जुनी बाटली वापरू नये, आणि बाहेरून विहिरीचे नाव, तारीख व ती कोणत्या अंगास आहे हे लिहावे. जंतूंच्या तपासणीची बाटली निराळी असते, व ती त्याच दिवशी पोहोचवावी लागते.